जुळलेला ताळेबंद आणि खरा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला आपण ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळवावयास शिकवितो. त्या जुळल्या की शिक्षकांना समाधान आणि विद्यार्थ्याला पूर्ण गुण! परंतु जुळलेला ताळेबंद खरा असेलच असे नाही, हा पुढचा धडा मात्र बहुधा शिकवावयाचा राहून जातो.

हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचे उदाहरण पाहावे. उत्तम कारभाराबद्दल २००८ साली या कंपनीला ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला. पुढे ७ जानेवारी २००९ रोजी तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली, की ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदातील ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँकशिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. बेरीज बिनचूक होती. खोटे होते ते आकडे.

बँकेत शिल्लक किती, हे बँकेलाच थेट विचारावे, हा हिशेबतपासणीचा साधा दंडक. अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने एप्रिल २०११ मध्ये ठपका ठेवला तो नेमका येथे. शिलकेची खातरजमा करणारी पत्रे पाठविणे व त्यांची उत्तरे आणणे हे काम हिशेबतपासनिसांनी कंपनीच्या व्यवस्थापनावरच सोपविले होते. ज्याची तपासणी करावयाची, त्याच्याच हातून पुरावा स्वीकारला गेला!

म्हणून आमचे म्हणणे असे, की प्रत्येक आकड्यापुढे विद्यार्थ्याने चार प्रश्न मांडावेत : हे कोण सांगतो? त्याला हे कशावरून कळले? सांगण्यात त्याचा लाभ कोणता? आणि त्याच्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या कोणी याला दुजोरा दिला आहे काय? यांतला चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा. वर्तमानपत्र, दलाल आणि पुरस्कार या साऱ्यांनी कंपनीचेच आकडे पुढे केले, तर ते तीन साक्षीदार ठरत नाहीत. तो एकाच आवाजाचा तीनदा उमटलेला प्रतिध्वनी होय. मोबाईलवर क्षणात मिळणाऱ्या उत्तरांनाही हीच कसोटी लावावी.

यामुळे मुले संशयखोर होतील, अशी भीती काही पालकांना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. संशयखोर मनुष्य पुरावा पाहण्यापूर्वीच नाही म्हणतो. चौकस मनुष्य पुरावा पाहून मग हो म्हणतो. निवृत्तीची पुंजी दामदुपटीच्या योजनेत गुंतवावयास निघालेल्या आजोबांना नातीने हे चार प्रश्न विचारले, तर तिच्या शिक्षणाचे सार्थक झाले, असे आम्ही म्हणू.