मटिल्डा (नाव)

मटिल्डा हे प्राचीन जर्मानिक मूळ असलेले स्त्रीनाम आहे. ‘सामर्थ्य’ आणि ‘युद्ध’ या अर्थांच्या दोन शब्दांपासून ते तयार झाले आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या नावाचे ‘मॉड’ हे रूपही प्रचलित होते. युरोपातील राजघराण्यांत हे नाव धारण करणाऱ्या अनेक स्त्रिया होऊन गेल्या.

रिंगेलहाइमची मटिल्डा (मृत्यू: इ.स. ९६८) ही जर्मन राजा पहिला हेन्री याची पत्नी व सम्राट पहिला ऑटो याची आई होती. कॅथलिक पंथात तिला संत मानले जाते.

फ्लँडर्सची मटिल्डा (मृत्यू: इ.स. १०८३) ही विल्यम द काँकररची पत्नी होती. पती इंग्लंडमध्ये असताना तिने नॉर्मंडीचा कारभार पाहिला.

टस्कनीची मटिल्डा (इ.स. १०४६–१११५) हिने पोप सातवा ग्रेगोरी याचा पक्ष घेतला. इ.स. १०७७ मध्ये तिच्याच कानोसा येथील किल्ल्यात चौथ्या हेन्रीने पोपची क्षमा मागितली.

सम्राज्ञी मटिल्डा (इ.स. ११०२–११६७) ही इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याची कन्या होती. सरदारांनी तिला वारस मानण्याची शपथ घेतली होती, तरीही इ.स. ११३५ मध्ये राजाच्या मृत्यूनंतर तिचा आतेभाऊ स्टीफन याने सिंहासन बळकावले. त्यातून दीर्घ यादवी युद्ध झाले. इ.स. ११४१ मध्ये स्टीफन तिच्या पक्षाच्या हाती कैद झाला, परंतु लंडनवासीयांच्या विरोधामुळे तिचा राज्याभिषेक होऊ शकला नाही. तिचा मुलगा दुसरा हेन्री मात्र इ.स. ११५४ मध्ये राजा झाला.