गालाच्या पेशीपासून मानेच्या गाठीपर्यंत

गालाच्या आतील पेशींची काचपट्टी आपण वर्गात करतो. काडीने गाल हलकेच खरवडायचा, पेशी काचेवर पसरायच्या, मेथिलीन ब्लूचा थेंब टाकायचा. सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे ५० मायक्रोमीटर रुंदीची चपटी पेशी व मधोमध लहानसे निळे केंद्रक दिसते. रुग्णालयातील पेशीतपासणी ही याच प्रयोगाची पुढची पायरी. मात्र तेथे काचपट्टीवर काय दिसते यावर कोणाचे तरी औषध ठरत असते.

समजा, बदलापूरच्या शाळेतील एका मुलीच्या मानेत महिनाभर गाठ आहे. अंबरनाथ-बदलापूरकडचे अनेक रुग्ण उल्हासनगरच्या शासकीय मध्यवर्ती रुग्णालयात जातात. तिलाही तेथे नेले आणि डॉक्टरांनी 'एफएनएसी' लिहून दिली, तर पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सुई टोचल्याने गाठ पसरणार तर नाही? इतक्या बारीक सुईने तसे होणे अत्यंत विरळ आहे. इंजेक्शनच्याच जाडीची ही सुई गाठीत दोन-चार वेळा मागेपुढे करतात. थेंबभर द्रव येतो, तेवढा पुरतो.

यापुढचे काही सेकंद फार मोलाचे. एक काचपट्टी ओली असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवतात. त्यामुळे पेशीतील प्रथिने गोठतात आणि केंद्रकाची बारीक रचना जशीच्या तशी टिकते. उशीर झाला तर पेशी वाळून पसरते, केंद्रक फुगीर व पुसट दिसते. दुसरी काचपट्टी मुद्दाम हवेत वाळवून जिम्सा रंगाने रंगवतात. ओलीसाठी पापनिकोलाऊ यांची रंगपद्धती वापरतात. तीत केंद्रक जांभळट निळे होते आणि पेशीद्रव्य गुलाबी, नारिंगी किंवा हिरवट.

मग रोगनिदानतज्ज्ञ काय पाहतो? केंद्रक पेशीच्या मानाने किती मोठे, त्याची कड गुळगुळीत की वेडीवाकडी, आतील रंगद्रव्य सारखे पसरलेले की ढेकळांसारखे. मोठे केंद्रक म्हणजे कर्करोग, असे मात्र नव्हे. लसिका पेशीत केंद्रकच जवळजवळ सारी जागा व्यापते आणि ते अगदी स्वाभाविक असते. म्हणून पेशी कोणत्या जातीची हे आधी ओळखावे लागते. सारे कौशल्य इथेच आहे.

आपल्याकडे मानेच्या अशा गाठीत क्षयरोग वारंवार आढळतो. त्यात लांबट पेशींचे पुंजके, अनेक केंद्रकांच्या राक्षसपेशी आणि चीजसारखा मृत भाग दिसतो. झील-नील्सन रंगाने लाल जंतू दिसले तर निदान पक्के होते. पण गाठीत ते थोडे असतात, अनेकदा सापडत नाहीत. म्हणून त्याच द्रवाची 'सीबीनॅट' तपासणीही करतात. ती जंतूचा डीएनए शोधते आणि रिफॅम्पिसिन चालेल का, तेही सांगते. क्षयाचे औषध सरकारी केंद्रांत मोफत मिळते.

डीएनए शोधण्याचा लाभ गर्भाशयमुखाच्या कर्करोगातही दिसला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांवर एक अभ्यास झाला. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या विषाणू-डीएनए तपासणीच्या गटात मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. पेशी पाहण्याच्या गटात लक्षणीय घट दिसली नाही.

तरीही मानेच्या गाठीसाठी पहिली पायरी सुईच. 'पेशी अपुऱ्या' असा अहवाल आला, तर तो 'रोग नाही' असा वाचू नये. सुई पुन्हा घालावी लागते किंवा गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो. वर्गातील मुलाच्या मानेत दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली गाठ दिसली, तर पालकांना त्याच आठवड्यात बोलावून घ्यावे.