‘गेरिला’ कुठून आला आणि बुऱ्हाणपुरात काय घडले

मराठ्यांच्या इतिहासावरच्या व्याख्यानांत एक विधान हमखास ऐकू येते: ‘गनिमी’वरूनच इंग्रजीतला ‘गेरिला’ झाला. त्यामागचा अभिमान समजण्यासारखा आहे, पण व्युत्पत्ती चुकीची आहे. हिंदीतल्या ‘गुरिल्ला’मुळे काहींना गोरिला वानर आठवते, त्याच्याशीही या शब्दाचे नाते नाही.

शब्द स्पॅनिश आहे. ‘गेर्रा’ म्हणजे युद्ध, आणि ‘गेर्रिया’ म्हणजे छोटे युद्ध. १८०८मध्ये नेपोलियनच्या फौजांनी स्पेन व्यापला, राजा सातवा फर्दिनांद फ्रान्समध्ये नजरकैदेत पडला आणि गादीवर नेपोलियनचा भाऊ जोसेफ बसला. तेव्हा हुआन मार्तिनसारखे शेतकरी आणि हेरोनिमो मेरिनोसारखे पाद्री टोळ्या बांधून फ्रेंचांच्या रसदेवर, डाकेवर तुटून पडले. १८१४पर्यंत चाललेल्या या युद्धात वेलिंग्टनचे ब्रिटिश सैन्यही उतरले होते. त्याच वाटेने शब्द इंग्रजीत शिरला. स्पेनमध्ये लढणाऱ्याला मात्र ‘गेर्रियेरो’ म्हणतात. लढाईचे नाव लढणाऱ्याला चिकटले ते इंग्रजीत.

‘गनीम’ अरबी-फारसीतून आला. अर्थ शत्रू. मोगल लिखाणात तो मराठ्यांसाठी वारंवार येतो.

गनिमी काव्याचे तंत्र शिवरायांच्या आधी नव्हतेच, असेही मानले जाते. बुऱ्हाणपूरने ते आधीच अनुभवले होते. तापीकाठचे हे शहर म्हणजे मोगलांचे दख्खनमधले मुख्य ठाणे. १६२०मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या फौजेने मोगल सेनापती खानखानान अब्दुर्रहीमला इथेच कोंडले. त्या फौजेत मराठा स्वारांचा मोठा भरणा होता. मोकळ्या मैदानात गाठ पडू द्यायची नाही आणि रसद तोडत राहायची, ही अंबरची रीत. १६२४च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. शिवरायांनी या रीतीला किल्ल्यांची साखळी, हेरखाते आणि पगारी, शिस्तीची फौज जोडली. त्यांचे कर्तृत्व मोजायचे तर इथे मोजावे. त्यासाठी आधीच्यांना पुसण्याची गरज नाही.

गनिमी कावा आणि गेरिला यांतला खरा फरकही इथेच आहे. स्पेनमधल्या टोळ्या उभ्या राहिल्या तेव्हा राजा कैदेत होता. १६८१मध्ये बुऱ्हाणपूरवर आली ती मात्र मराठा राज्याची फौज. १६ जानेवारी १६८१ रोजी संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला आणि महिनाअखेरीस सरसेनापती हंबीरराव मोहित्यांचे स्वार बुऱ्हाणपूरच्या बहादुरपुरा या उपनगरावर येऊन धडकले.

‘बुऱ्हाणपूर जिंकले’ असे सर्रास म्हटले जाते. तसे घडले नाही. तीन दिवस लुटले गेले ते बहादुरपुरा आणि आसपासचे श्रीमंत पुरे. किल्ला मोगलांकडेच राहिला. शहर राखणे हा बेतच दिसत नाही. सुभेदार खानजहान औरंगाबादेहून धावत निघाला, पण तो फर्दापूरच्या बाजूला असतानाच मराठे चोपड्याच्या वाटेने साल्हेरच्या किल्ल्याकडे निसटले. छाप्याइतकेच नियोजन परतीच्या वाटेचे होते, आणि या मोहिमेतला हाच भाग सर्वांत कमी सांगितला जातो.

शहरातल्या मौलवींनी बादशहाला कळवले की रक्षण होत नसेल तर शुक्रवारची नमाज थांबवू. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरात दाखल झाला.