उन्हाळ्याची उमेदवारी

पूर्वी आपल्या गावातील एखादा मुलगा शाळा सोडून सुताराच्या, लोहाराच्या किंवा शिंप्याच्या हाताखाली जाऊ लागला, म्हणजे तो ‘उमेदवारी करतो’ असे आपण म्हणत असू. पगार नसे, असलाच तर चहापाण्यापुरता. पहिले काही महिने झाडलोट करावी, हत्यारे पुसून ठेवावीत, उस्तादाचा हात कसा चालतो ते पाहावे आणि मग एके दिवशी रंधा हाती यावा, असा तो क्रम होता. हल्ली हा शब्द बहुधा निवडणुकीपुरताच कानी पडतो. परंतु ती रीत नाहीशी झालेली नाही. ‘इंटर्नशिप’ असे नवे नाव घेऊन ती आपल्या शिकलेल्या मुलांच्या घरी पुन्हा आली आहे. गेल्या वर्षी ती माझ्या बहिणीच्या घरी आली, त्या वेळी जे पाहिले आणि ऐकले ते वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटून येथे लिहीत आहे.

माझा भाचा मुंबईच्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता. वसईच्या पट्ट्यात आमचे गाव. मुलाचे वडील केळी आणि भाजीपाला पिकवितात, आणि मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी बँकेचे कर्ज काढलेले आहे. हैदराबाद येथील एका मोठ्या संगणक कंपनीने मे महिन्यापासून दहा आठवड्यांसाठी मुलाला बोलावले, तेव्हा गावात बातमी पसरली ती ‘पोराला नोकरी लागली’ अशी. रविवारी मिस्सा आटोपून बाहेर पडताना दहा जणांनी मुलाच्या वडिलांचे अभिनंदन केले. नोकरी नव्हे, शिकाऊ काम आहे, असे त्यांनी दोघातिघांना सांगून पाहिले. पुढे सांगणे सोडून दिले. या गैरसमजाचे ओझे मुलाच्या खांद्यावर किती पडले, ते मला नंतर कळले.

या कामाची निवड कशी होते, हेही सांगितले पाहिजे. उन्हाळ्याच्या कामासाठी अनेक मोठ्या कंपन्या आदल्या वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीसच अर्ज घेऊ लागतात. मग संगणकावर ठरावीक वेळात सोडवावयाची परीक्षा असते. तीत जो उतरेल त्याच्या मुलाखती होतात. ज्याला बोलावणे येते त्याला विद्यावेतन मिळते आणि मार्गदर्शक म्हणून एक अनुभवी कामगार नेमून दिला जातो. तांत्रिक शिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेनेही आता अशा प्रत्यक्ष कामाला अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात स्थान दिले आहे. त्यामुळे हा केवळ हौसेचा प्रश्न उरलेला नाही.

तारनाक्यावरील खोली

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी देवगिरी एक्स्प्रेसने निघालो. मनमाड, औरंगाबाद, नांदेड असे करीत ही गाडी सिकंदराबादला पोहोचते. तेथून चार-पाच किलोमीटरवर तारनाका. हे नाव ऐकून मराठी माणसाला परके वाटत नाही. पूर्वी येथे तारेचे कुंपण आणि चौकीचा नाका होता, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. शेजारीच उस्मानिया विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठवाडा त्या काळी हैदराबाद संस्थानात असल्यामुळे नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद येथील कित्येक मुलांनी पदवीसाठी हाच रस्ता धरला. १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघाला आणि १९५८ साली औरंगाबादला स्वतंत्र विद्यापीठ झाले, तोवर मराठवाड्याच्या उच्च शिक्षणाची वाट तारनाक्यावरूनच जात होती म्हणा ना!

आजही हा भाग विद्यार्थ्यांचाच आहे. राष्ट्रीय पोषण संस्था, रासायनिक तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा, पेशी व रेणू यांचा अभ्यास करणारे केंद्र आणि भूभौतिकी संस्था या सर्व याच टापूत एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर आहेत. अडोबी या जगप्रसिद्ध कंपनीचे २००७ साली प्रमुख झालेले शंतनू नारायण हे उस्मानियाच्याच अभियांत्रिकीचे विद्यार्थी. रस्त्यावर खाणावळी पुष्कळ. भात, पप्पू, अंबाडीची चटणी आणि दही असे पोटभर जेवण मिळते. हैदराबादी बोलीत लोक ‘नक्को’ म्हणतात. तो आपलाच ‘नको’ आहे, हे ऐकून मला मोठी मौज वाटली.

भाच्याची कंपनी मात्र येथे नव्हती. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, हायटेक सिटीत. १९९८ साली पंतप्रधान वाजपेयी यांच्या हस्ते सायबर टॉवर्स या इमारतीचे उद्घाटन झाले, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आपले विकास केंद्र हैदराबादेत काढले. तेव्हापासून तो खडकाळ माळ पाहता पाहता काचेच्या इमारतींनी भरून गेला. तेथील भाडे विद्यार्थ्याला परवडत नाही. म्हणून भाच्याने नांदेड जिल्ह्यातील दोन मुलांबरोबर तारनाक्यास एक खोली घेतली होती. मेट्रो आगगाडी तारनाक्यावरून २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि २०१९ च्या मार्चमध्ये हायटेक सिटीपर्यंत गेली. त्यामुळे गाडी न बदलता मुलगा सुमारे पाऊण तासात कामावर पोहोचत असे.

नऊ दिवस

मी पोहोचलो त्या संध्याकाळी मुलगा उशिरा आला. चेहरा उतरलेला होता. जेवण झाल्यावर आम्ही दोघे गच्चीवर बसलो, तेव्हा तो हळूच म्हणाला, “मामा, मी परत यावे असे मला वाटते.”

कारण विचारले, तेव्हा हळूहळू सारे बाहेर आले. कंपनीकडे ग्राहकांच्या ज्या तक्रारी येत, त्यांची रोजच्या रोज मोजदाद करणारी एक आज्ञावली, म्हणजे संगणकाचा प्रोग्रॅम, त्याला लिहावयाचा होता. त्याने तो लिहिला. पण आकडे जुळेनात. सोमवारच्या काही तक्रारी रविवारच्या खात्यात जात, मंगळवारच्या सोमवारी. एकूण बेरीज बरोबर, पण वार चुकलेला. त्याने ओळीन् ओळ तपासली, सगळे खोडून पुन्हा लिहिले, रात्री जागून काढल्या. नऊ दिवस असे गेले.

“तुझ्या मार्गदर्शकांना विचारलेस का?” मी म्हटले.

“विचारले तर त्यांना वाटेल, याला काहीच येत नाही. बाकीची मुले मोठमोठ्या महाविद्यालयांतील आहेत, मामा. इंग्रजी फाडफाड बोलतात. आणि गावात तर सगळे समजतात मला नोकरी लागली म्हणून. आता हात हलवीत गेलो तर पप्पांना काय तोंड दाखवू?”

मला संगणकातले ओ की ठो कळत नाही. पण उमेदवारी मी केली आहे. तरुणपणी मुंबईच्या एका कारखान्यात मी फिटरचे काम शिकत होतो. एकदा लेथवर एक तुकडा सुतभर जास्त कापला गेला. मिस्त्री रागावतील या भयाने मी तो चांगल्या तुकड्यांच्या ढिगात सरकवून दिला. दोन दिवसांनी तो हुडकून काढून मिस्त्रींनी मला बाजूला घेतले. ते ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, “बिघडलेला तुकडा भंगारात जातो, त्याचे फारसे काही नाही. लपविलेला तुकडा यंत्रात जातो.” ही गोष्ट मी त्या रात्री भाच्याला सांगितली. आणि म्हटले, “परत यायचे तर ये; घर तुझेच आहे. पण उद्या सकाळी विचारून मग ये.”

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर मेट्रोने गेलो. बेगमपेठ, अमीरपेठ, जुबिली हिल्स अशी स्थानके मागे पडत होती. मुलगा खिडकीबाहेर पाहत मनातल्या मनात इंग्रजी वाक्ये जुळवीत होता. कंपनीच्या फाटकाशी त्याला सोडून मी माघारी आलो.

सायंकाळी तो आला तो हसतच. मार्गदर्शक बाईंनी वीस मिनिटांत दोष दाखवून दिला होता. जगभरच्या संगणकांत नोंदी ज्या जागतिक वेळेने ठेवतात, ती आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. आपल्याकडे मध्यरात्र उलटून सोमवार लागला, तरी सकाळचे साडेपाच वाजेपर्यंत त्या नोंदवहीत रविवारच चालू असतो. तेवढ्या वेळात आलेल्या तक्रारी आदल्या दिवशी मोजल्या जात होत्या. मुलाच्या हिशेबात चूक नव्हतीच. नोंदवहीचे घड्याळ वेगळे होते, आणि ते त्याला कोणी सांगितले नव्हते, कारण त्याने विचारलेच नव्हते.

जुन्या मुंबईची माहिती असणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. १९०६ साली साऱ्या देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईने पुढे अनेक दशके आपली जुनी वेळ सोडली नाही. ती ३९ मिनिटे मागे असे. कोणती वेळ हे न विचारता आगगाडी पकडायला निघालेल्या माणसाची गाडी चुकायचीच!

त्या बाई मुलाला रागावल्या नाहीत, पण एक प्रश्न त्यांनी केला: “हे तू दुसऱ्या दिवशी का विचारले नाहीस?” त्यांनी त्याला एक नियमही घालून दिला. अडलेल्या ठिकाणी दोन तास स्वतः झटावे. काय काय करून पाहिले ते कागदावर लिहावे. आणि मग तो कागद घेऊन विचारावयास यावे. नुसते ‘येत नाही’ म्हणणे वेगळे, आणि ‘इतके केले, येथे अडलो’ म्हणणे वेगळे. दुसऱ्याचा वेळ घेताना आपला वाटा आधी उचललेला असावा, हा त्यातील अर्थ.

अशा कंपन्यांतील एक रीत मला फार आवडली. तेथे कितीही अनुभवी माणसाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या कोणी वाचून संमती दिल्याखेरीज मुख्य कामात घातली जात नाही. वाचणारा शंका काढतो, लिहिणारा उत्तर देतो किंवा दुरुस्ती करतो, आणि हे सारे लेखी राहते. वीस वर्षे काम केलेल्या माणसाचेही लिखाण असे तपासले जाते. भाच्याने हे पाहिले, तेव्हा त्याची लाज निम्मी गेली. चूक सापडणे हा तेथे अपमान नसून कामाचाच भाग आहे, हे त्याला उमगले.

हिशेब काय झाला?

जुलैअखेर दहा आठवडे संपले. मुलाने आपले काम पुरे करून चार वरिष्ठांपुढे ते समजावून सांगितले. आता सर्वांच्या ओठांवर असलेला प्रश्न: नोकरी मिळाली का? नाही मिळाली. उन्हाळ्यातील काही उमेदवारांना अशा कंपन्या पुढे कायम घेतात. त्या वर्षी जागा थोड्या होत्या, आणि भाच्याचे नाव यादीत आले नाही. मुलाच्या वडिलांना वाईट वाटले, ते त्यांनी लपविलेही नाही. विद्यावेतनातून खोलीचे भाडे आणि जेवणखाण वजा जाता जे उरले, ते पुढील वर्षाच्या शुल्कात गेले.

मग हा उन्हाळा फुकट गेला काय? मला तसे वाटत नाही. आपल्या मुलांना बुद्धी कमी नाही, कष्टांची सवयही आहे. कमी असते ते विचारण्याचे धैर्य. घरात मोठ्यांना उलट विचारू नये, वर्गात हात वर करू नये, हे आपणच त्यांना लहानपणापासून शिकविलेले असते. नम्रता हा गुण खराच. परंतु नम्रता म्हणजे गप्प बसणे नव्हे. नऊ दिवस गप्प बसल्याने त्या मुलाची झोप गेली, कंपनीचे काम अडले आणि तो घरी परतण्याच्या बेतात आला. विचारण्यास लागली ती वीस मिनिटे.

ज्या पालकांची मुले आता महाविद्यालयात आहेत, त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. उन्हाळ्याच्या कामाचा शोध सप्टेंबरपासूनच सुरू करावा. उमेदवारी देतो असे सांगून जो उलट आपल्याकडेच पैसे मागतो, त्याच्यापासून दूर राहावे. चांगली कंपनी अर्जासाठी किंवा जागेसाठी शुल्क घेत नाही. कंपनी मोठीच हवी असेही नाही. जेथे शिकविणारा माणूस नेमून दिला जातो ती जागा चांगली. शिक्षण संपवून घरी बसलेल्या तरुणांसाठी केंद्र सरकारने २०२४ च्या ऑक्टोबरात प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना सुरू केली. त्या वेळच्या नियमांनुसार २१ ते २४ वर्षे वयाच्या तरुणांना बारा महिने काम शिकावयास मिळे, दरमहा ५,००० रुपये आणि प्रारंभी एकदा ६,००० रुपये अशी मदत होती. अर्ज करण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेले नियम पाहून घ्यावेत. कारखान्यातील शिकाऊ कामगारांसाठी १९६१ चा कायदाही आहे, आय.टी.आय. झालेल्या मुलांनी त्याची चौकशी अवश्य करावी.

आणि एक विनंती गावकऱ्यांना. असा मुलगा किंवा मुलगी सुटीवर घरी आली, तर ‘किती मिळतात?’ आणि ‘कायम केले का?’ हे प्रश्न थोडे मागे ठेवावेत. काय शिकलास, कोठे अडलास, कोणी मदत केली, हे आधी विचारावे. भाचा आता शेवटच्या वर्षाला आहे आणि नोकरीच्या शोधात आहे. रविवारी दुपारी गावातील बारावीची चार-पाच मुले गणित घेऊन त्याच्या ओटीवर बसतात. ‘कळले का?’ असे तो त्यांना विचारीत नाही, कारण त्यावर सगळीच मुले ‘हो’ म्हणतात. ‘कोठे अडलात ते दाखवा,’ असे तो म्हणतो; आणि मुले दाखवितात.