मोटारसायकलचा 'टक्' काय सांगतो?

किल्ली फिरवावी, बटन दाबावे आणि 'टक्' असा एक आवाज होऊन सारे शांत व्हावे, हा प्रसंग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. लगेच कोणीतरी म्हणतो, "बॅटरी गेली." दुसरा म्हणतो, "दिवा तर लख्ख लागतो. बॅटरी चांगली आहे, मोटर जळली." कधी कधी दोघेही चुकलेले असतात. नवी बॅटरी आणली जाते, मोटर बदलली जाते आणि शेवटी कळते, की दोष होता एका सैल नटाचा! हा खर्च टाळायला मोठे यंत्र लागत नाही. चौकस कान, एक साधा मल्टिमीटर आणि शाळेत शिकलेला ओहमचा नियम, एवढी शिदोरी पुरे.

बटनामागचे दोन रस्ते

पेट्रोलचे इंजिन आपण होऊन सुरू होऊ शकत नाही. दट्ट्याने हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढावे, दाबावे, मग ठिणगी पडावी, तेव्हा कुठे पहिला स्फोट होतो. म्हणून पहिले काही फेरे बाहेरून द्यावे लागतात. किक मारताना ते काम आपला पाय करतो, बटन दाबल्यावर विजेची मोटर करते. १९१४ साली अमेरिकेत 'इंडियन' या नावाच्या मोटारसायकली बनवणाऱ्या कंपनीने विजेवर सुरू होणारी 'हेंडी स्पेशल' बाजारात आणली. पण त्या काळच्या बॅटऱ्यांना हा भार पेलवेना, आणि तिचे उत्पादन लवकरच थांबवावे लागले. आपल्याकडे १९८४ साली आलेल्या कायनेटिक होंडा स्कूटरमुळे बटनाचा स्टार्टर अनेकांच्या ओळखीचा झाला.

ही मोटर क्षणभर का होईना, पण ४०-५० अँपिअर प्रवाह सहज खाते. एवढा प्रवाह हँडलवरच्या नाजूक बटनातून व बारीक तारांतून नेला, तर त्या जळून जातील. म्हणून बटन फक्त थोडासा प्रवाह 'रिले' नावाच्या डबीतील वेटोळ्यात सोडते. वेटोळ्याचा विद्युतचुंबक बनतो, तो एक धातूची पट्टी ओढतो आणि दोन जाड तारा एकमेकींना जोडल्या जातात. त्या पट्टीचा आवाज म्हणजेच आपला 'टक्'. थोडक्यात, येथे दोन रस्ते आहेत: एक लहान प्रवाहाचा, दुसरा मोठ्या प्रवाहाचा. बिघाड कोणत्या रस्त्यावर आहे, हे आधी ठरवायचे.

आधी कान द्या

१. आवाजच नाही: लहान रस्ता तुटला आहे. इंजिन बंद करण्याचे लाल बटन चुकून दाबले गेले आहे का? गाडी न्यूट्रलमध्ये आहे का? क्लच दाबला आहे का, साइड स्टँड वर आहे का? अनेक गाड्यांत या ठिकाणी सुरक्षेसाठी स्विच असतात. मग फ्यूज पाहा. बॅटरी पूर्ण रिकामी असली, तरीही असेच होते.

२. एकच 'टक्': रिले ओढला गेला, पण मोटर फिरली नाही. रिलेचे आतले संपर्क जळले असतील, जाड तारांची जोडणी सैल असेल किंवा मोटरचे कार्बन ब्रश झिजले असतील. अशक्त बॅटरीही हा आवाज काढू शकते.

३. 'टक्-टक्-टक्-टक्' असा ताशा: बहुधा बॅटरी अशक्त आहे. रिले ओढला जातो, मोटर प्रवाह मागते, बॅटरीचे विभवांतर कोसळते आणि विद्युतचुंबक पट्टी सोडून देतो. भार सुटताच विभवांतर पुन्हा चढते, पट्टी पुन्हा ओढली जाते!

४. मोटर गरगर फिरते, इंजिन मात्र स्वस्थ: मोटर व इंजिन यांना जोडणारा एकाच दिशेने पकडणारा क्लच घसरत आहे. हे काम मिस्त्रीचे.

५. इंजिन फिरते, पण सुरू होत नाही: स्टार्टर निर्दोष आहे. पेट्रोल येते का, ठिणगी पडते का, ते पाहा.

दिवा का फसवतो?

समजा, बॅटरीच्या खांबावर पांढरट क्षार साचून त्या जोडणीत अवघा ०.०५ ओहम रोध निर्माण झाला. ३५ वॅटचा दिवा सुमारे ३ अँपिअर प्रवाह घेतो. ओहमच्या नियमानुसार जोडणीत ३ × ०.०५ = ०.१५ व्होल्ट वाया जातील. दिव्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. पण ४० अँपिअर वाहू लागले, की ४० × ०.०५ = २ व्होल्ट वाया जातील! शिवाय त्या जोडणीत ८० वॅट उष्णता निर्माण होईल, म्हणून अशी जोडणी गरम लागते. जुन्या बॅटरीत हाच रोध तिच्या पोटात वाढलेला असतो. तेव्हा दिवा लागला याचा अर्थ एवढाच, की बॅटरी दिव्यापुरती चांगली आहे.

मीटरला विचारा

मोठ्यांना सोबत घेऊन, गाडी मोकळ्या जागी न्यूट्रलमध्ये उभी करा. मीटर एकदिश विभवांतराच्या २० व्होल्टच्या खुणेवर ठेवा, अँपिअरच्या खुणेवर कदापि नको. गाडी बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली असेल, तर आधी ती चार्ज करा. आता दुसऱ्याला बटन दाबायला सांगा. आकडा साडेनऊ-दहाच्या खाली कोसळला, तर बॅटरीवर संशय घ्या. आकडा चांगला राहिला आणि मोटर मात्र फिरली नाही, तर मीटरची एक सुई ऋण खांबावर व दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून पुन्हा बटन दाबायला सांगा. ही वाट चांगली असेल, तर आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहील. २ व्होल्ट दिसले, तर चोर तिथेच आहे. धन बाजूची जाड तार अशीच तुकड्या-तुकड्याने तपासता येते. बटन एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका.

जोडणी साफ करताना ऋण तार आधी काढा व शेवटी बसवा. नाहीतर धन नटावरचा पाना सांगाड्याला लागला, की मोठी ठिणगी उडेल, आणि चार्ज होताना बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघत असतो. क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, कारण सोडा आम्लाला उदासीन करतो. मग कोरडे करून नट घट्ट आवळा व वर व्हॅसलिनचा पातळ थर द्या. बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल असते, म्हणून डोळे व हात सांभाळा.

वर्गात करून पाहा

टॉर्चमधला एक वापरलेला सेल घ्या. नुसत्या सेलचे विभवांतर मोजा. मग त्याला टॉर्चचा छोटा बल्ब जोडून, बल्ब जोडलेला असतानाच पुन्हा मोजा. नव्या सेलवर हेच करा. कोणत्या सेलचा आकडा जास्त उतरला? त्या फरकावरून सेलच्या आतला रोध काढता येईल का? वहीत गणित मांडून पाहा.