तज्ज्ञ परीक्षकांच्या नावनोंदणीचा अर्ज कसा असावा?

धार्मिक पुस्तकाच्या आरंभी ‘निहिल ऑब्स्टाट’ आणि ‘इम्प्रिमातुर’ हे लॅटिन शब्द छापलेले आपण पाहतो. पहिला परीक्षकाचा अभिप्राय, दुसरी धर्माधिकाऱ्यांची अनुमती. परीक्षक ज्ञान, शुद्ध शिकवण व विवेक या गुणांवरून निवडावेत आणि त्यांनी आपले मत लेखी द्यावे, असे १९८३ च्या कॅनन कायदासंहितेचे ८३० वे कलम सांगते. परंतु धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेला केवळ सिद्धांताची तपासणी पुरत नाही. भाषा, मुलांचे वय, आरोग्य, कायदा यांचेही जाणकार लागतात. ज्ञान, विवेक व सचोटी असलेले प्रापंचिक तज्ज्ञ व सल्लागार म्हणून धर्मपालांना साहाय्य करण्यास पात्र आहेत, असे २२८ वे कलम म्हणते. त्यात पदवीची अट नाही. आपले अर्ज मात्र बहुधा पदवीपासूनच सुरू होतात!

लोणावळ्याजवळील औंढे गावात राहणारी एखादी निवृत्त शिक्षिका डोळ्यांसमोर आणावी. मावळातील ठाकर व कातकरी मुलांना तिने तीस वर्षे शिकविले आहे. पुस्तिकेतील कोणत्या शब्दावर मूल अडेल, हे तिला वाचताक्षणीच कळते. अर्जातील पहिला रकाना ‘सर्वोच्च पदवी’, दुसरा ‘प्रकाशित ग्रंथ’, तिसरा ‘ईशज्ञानाचे विशेष अध्ययन’. ती अर्ज बाजूला ठेवते. तिला कोणीही नाकारलेले नसते, तरी पुस्तिका तिच्या नजरेखालून न जाताच छापली जाते आणि अडलेले मूल वर्गात गप्प बसते. त्याऐवजी पहिला प्रश्न असा विचारता येईल: ‘कोणत्या विषयाच्या मजकुरातील चूक आपल्या सहज लक्षात येईल?’ त्याखाली चार मोकळ्या ओळी असाव्यात. पदवीचा रकाना शेवटी, ऐच्छिक.

नावाचा रकाना किरकोळ वाटतो, पण अनेकांना पहिली ठेच तेथेच लागते. धर्मभगिनी आपल्या संस्थेचे नाव लावतात, कोणी वडिलांचे नाव लिहितो, कोणाला आडनाव आधी लिहिण्याची सवय असते. ‘आपले नाव आपण लिहिता तसे’ एवढाच एक रकाना पुरे. भाषेबाबत मराठी येते का, एवढे विचारून भागत नाही. वसईची सामवेदी किंवा वाडवळी, सिंधुदुर्गाची मालवणी यांची जाण असल्यास तेही लिहिता यावे.

वाई येथील मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर नोंदीखाली लेखकाबरोबर समीक्षकाचेही नाव दिसते. हा मान योग्यच. तरीही आपले नाव जाहीर व्हावे की नाही, हे परीक्षकाला स्वतंत्रपणे विचारावे. पत्ता आणि दूरध्वनी कशासाठी हवेत, तेही तेथेच लिहावे. व्यक्तिगत माहितीविषयीच्या २०२३ च्या केंद्रीय कायद्यानुसार, दिलेली संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे.

नोंदणी म्हणजे नेमणूक नव्हे, हे अर्जाच्या माथ्यावर स्पष्ट असावे. नंतरचा गैरसमज टळतो. किती पाने, किती दिवस, मानधन आहे की नाही, हेही तेथेच सांगावे. मावळातल्या पावसात वीज गेली तर अर्धा भरलेला अर्ज पुसला जाऊ नये. छापील प्रती धर्मग्रामाच्या कार्यालयात ठेवाव्यात आणि हस्ताक्षरातील अभिप्रायही स्वीकारावा. कलमाला लेखी मत हवे आहे, टंकलिखित नव्हे.

अनुमती नाकारल्यास लेखकाला कारणे कळवावीत, असे तेच ८३० वे कलम सांगते. परीक्षकाबाबत तसा नियम नाही. तरीही त्याच्या कोणत्या सूचना घेतल्या व कोणत्या का सोडल्या, हे त्याला किती दिवसांत आणि कोण कळविणार, याची एक ओळ अर्जाच्या तळाशी असावी.