विश्लेषण : वासाची जनुके गणिताने कशी ओळखतात?

हंगामात कोल्हापूरच्या आसपास गुऱ्हाळघराजवळून जाताना काहिली दिसण्याआधीच गुळाचा वास येतो. तो टिपणारी प्रथिने नाकात असतात आणि ती बनवण्याच्या सूचना जनुकांत. मानवी जनुकसंचातील सुमारे ३०० कोटी अक्षरांतून ही जनुके वेगळी काढायला गणित लागते. ते कसे?

नाकात काय घडते?

नाकाच्या वरच्या भागातील चेतापेशींवर गंधग्राही प्रथिने असतात. हवेतील रेणू त्यांना चिकटला की मेंदूकडे संदेश जातो. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये या प्रथिनांच्या जनुकांचे मोठे कुटुंब उंदरांमध्ये शोधले. त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. माणसात अशी सुमारे ४०० जनुके कार्यरत आहेत. एक गंध अनेक ग्राहींना जागे करतो. त्यामुळे मोजक्या अक्षरांतून असंख्य शब्द बनावेत, तसे असंख्य वास ओळखता येतात.

पहिली चाळणी कोणती?

डीएनएची ए, टी, जी, सी ही अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. असे गट ६४; त्यातले तीन म्हणजे ‘थांबा’ची खूण. अक्षरे कशीही टाकली, तर सरासरी दर २१ गटांमागे एक ‘थांबा’ येईल. गंधजनुकात मात्र साधारण ३१० गट सलग येतात. योगायोगाने असे घडण्याची शक्यता सुमारे ३० लाखांत एक. पण ३०० कोटी अक्षरांत असे योगायोगही पुष्कळ सापडतील. म्हणून पुढची चाळणी लागते.

सात शिखरांचा आलेख कशासाठी?

प्रथिनातील काही अमिनो आम्ले पाण्यापासून दूर राहतात, काही पाण्याकडे ओढली जातात. जॅक काइट आणि रसेल डूलिटल यांनी १९८२ मध्ये प्रत्येकाला यासाठी गुण दिले. या गुणांची सरकती सरासरी काढली की गंधग्राहीच्या आलेखात सात शिखरे दिसतात, कारण हे प्रथिन पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार जाते. पण डोळ्यातील प्रकाशग्राहीलाही सात शिखरे असतात. मग कुटुंबाचे साम्य तपासले जाते. ज्ञात गंधग्राहींत कोणत्या जागी कोणते आम्ल किती वेळा येते, यावरून नव्या अनुक्रमाला गुण मिळतात. यासाठी ‘हिडन मार्कोव्ह मॉडेल’ ही संख्याशास्त्रीय पद्धत वापरतात.

निकामी जनुके कोणती?

माणसातील अर्ध्याहून अधिक गंधजनुके बिघडलेली आहेत. साम्य पुरेपूर, पण अनेकांत मध्येच ‘थांबा’ येतो आणि प्रथिन अपुरे राहते. गणिताला हा फरकही पकडावा लागतो.

भारतात काय झाले?

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील पबित्र पाल चौधरी, शेख सरिफ हसन आदी संशोधकांनी वेगळी वाट धरली. अरिस्टिड लिंडनमायर यांनी १९६८ मध्ये वनस्पतींची वाढ मांडण्यासाठी अक्षरे बदलण्याचे नियम तयार केले होते. तेच नियम पुन:पुन्हा लावून ‘ओआर१डी२’ या मानवी गंधग्राहीसारखे अनुक्रम उभे करता येतात का, हे त्यांनी पाहिले.

गणित कुठे थांबते?

हे जनुक वासाचे आहे, एवढे गणित सांगते. कोणत्या वासाचे, हे नाही. त्यासाठी ते जनुक प्रयोगशाळेतील पेशींत घालून एकेक गंध द्यावा लागतो. बहुतेक मानवी ग्राहींची अशी जोडी अजून जुळलेली नाही. जुळते तेव्हा मात्र मोठे उत्तर मिळते. डुकराच्या नराच्या लाळेतील अँड्रोस्टेनोन हे रसायन कुणाला लघवीसारखे घाण वाटते, कुणाला गोडसर, तर कुणाला त्याचा वासच येत नाही. २००७ मध्ये दिसून आले, की ‘ओआर७डी४’ या ग्राहीतील केवळ दोन अमिनो आम्लांचा बदल या फरकामागचे एक मोठे कारण आहे. एकाच ताटावर बसलेल्या दोघांना एकच वास वेगळा का येतो, याचे उत्तर म्हणूनच केवळ आवडीनिवडीत नसते.